मोज्यातली बोटं

मे महिन्यात अकोल्यात दुपारी दोन वाजता घराबाहेर कोण पडतं? एक कुल्फीवाला आणि दुसरी माझी भाची. तिला कॉलेजात कसलासा फॉर्म भरायचा होता आणि तो आजच भरायचा होता. स्कुटी सकाळी लिंबाच्या सावलीत लावलेली. पण झाडाची सावली काही कुणाची बांधील नसते. दुपारपर्यंत ती सरकत सरकत शेजाऱ्यांच्या अंगणात गेली आणि स्कुटी भर उन्हात उभी राहिली. भाचीनं हँडल धरलं, ब्रेक दाबला आणि हात झटकत उडीच मारली.

"पोयला ना हात! ब्रेक हाय का तवा?"

तिचा धाकटा भाऊ पाचवीत. तो ओट्यावर बसून आंबा चोखत होता. त्यानं आंबा न सोडता सल्ला दिला, "मूठ धर ना मंग. मूठ नाही पोयत." आणि लगेच माझ्याकडे वळला. "पण मामा, मूठ आन् ब्रेक एकाच उन्हात उभे होते ना? मंग ब्रेकच कायले जास्त तापला?"

आता हा प्रश्न पाचवीतल्या पोरानं आंबा खाता खाता विचारावा आणि मोठ्यांनी कधीच विचारू नये, याची मला जरा लाजच वाटली. गंमत अशी, की ब्रेक आणि मूठ जवळजवळ सारखेच तापलेले असतात. मूठ काळ्या रबराची, म्हणजे कदाचित ती थोडी जास्तच तापलेली. फरक आहे तो स्वभावात. रबर चिक्कू. त्याच्याजवळ उष्णता असते, पण तो ती तुमच्या हातात पटकन सोडत नाही. तुम्ही बोट लावलं की वरच्या पापुद्र्यातली थोडी उष्णता बोटात येते आणि मागची रांगेत अडकून पडते. ब्रेकची दांडी ॲल्युमिनियमची, महा उधळी. बोट टेकलं रे टेकलं, की सगळ्या दांडीतली उष्णता त्या एका जागेकडे धावत सुटते. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम रबराच्या कित्येक शेकडो पट पुढे आहे.

खोटं वाटत असेल तर पहाटे उठा. (हं, उठा!) रात्रभर एकाच खोलीत ठेवलेली स्टीलची वाटी आणि लाकडी पोळपाट यांना हात लावून बघा. वाटी गार लागेल, पोळपाट नाही. तापमान दोघांचं एकच. पहाटे तुमचा हात वाटीपेक्षा गरम असतो, म्हणून ती तुमची उष्णता भराभर पळवते. दुपारी अंगणात तीच वाटी उलट व्यवहार करते आणि तुमच्यावर उष्णता ओतते. चोर तोच, फक्त दिशा बदललेली!

तोवर भाचीनं स्कुटीच्या डिक्कीतून आपलं चिलखत बाहेर काढलं होतं. आधी तोंडाला दुपट्टा, डोळ्यांपुरती फट ठेवून. वर गॉगल. मग पांढरा सनकोट. आणि शेवटी कोपरापर्यंत येणारे पांढरे सुती हातमोजे. अमरावतीत राजकमल चौकात उभे राहिलात तर उन्हाळ्यात असे शेकडो हात समोरून जातात. बाहेरगावचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला वाटतं, या गावात सगळ्याच मुली डॉक्टर आहेत की काय! मोटारशर्यतीचे ड्रायव्हर हातमोजे घालून गाडी चालवतात ते टीव्हीवर सगळे बघतात. पण गाडी चालवताना घालायचे हातमोजे आमच्या वऱ्हाडात इतके रोजचे झालेत, की त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

आणि ते सुताचेच का? एक तर कापूस आमच्या घरचा. अकोला-अमरावतीची काळी माती, तिच्यात पऱ्हाटी, पऱ्हाटीवर पांढरं सोनं. दुसरं म्हणजे सूत घाम पिऊन घेतं आणि मग तो घाम हळूहळू उडून जातो. घाम उडताना उष्णता घेऊन उडतो, म्हणून हात थोडा थंड राहतो. अंगणातल्या माठाचं जे गुपित, तेच मोज्याचं. पांढरा रंग ऊन परतवतो, काळा गिळतो, हे तर तुम्हाला शाळेत सांगितलंच आहे. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मोजा उजेडासमोर धरून बघा. विणीतून उजेड भसाभस आत येत असेल तर कातडी काळवंडवणारे अतिनील किरणही त्याच वाटेनं आत येतात. दाट विणीचा मोजा घ्यावा. मोज्यावर फुलं-पानं आहेत की नाहीत, याचा उन्हावर काही परिणाम होत नाही.

हे अतिनील किरण मोठे चिवट. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. वय ६९ वर्षं, त्यातली २८ वर्षं ट्रक चालवण्यात गेलेली. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू साधारण त्याच्या वयाला शोभेल अशी, पण डावी बाजू सुरकुत्यांनी इतकी भरलेली, की जणू त्याच्या मोठ्या भावाचा अर्धा चेहरा आणून चिकटवलाय. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि खिडकीही डावीकडे. काचेतून प्रकाश येतो तसे अतिनील किरणांतले लांब लहरींचे किरणही बऱ्यापैकी आत येतात. समोरच्या काचेत प्लॅस्टिकचा थर असतो, तो त्यांना अडवतो. बाजूच्या साध्या काचेत तसा थर नसतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. आता बडनेऱ्याच्या धाब्यावर कुणी ट्रकवाले काका भेटले, तर त्यांचे दोन्ही हात एकमेकांशेजारी ठेवायला सांगा. उजवा, खिडकीवर टेकवायचा हात, कुठपर्यंत काळा आणि कुठून गोरा, ते बघा. आधी नीट विचारा मात्र, नाहीतर ते विचारतील, "काय बे, हात पाहून भविष्य सांगतं का?"

मोटारीच्या आतली गंमत तर विचारूच नका. उन्हात एक तास बंद उभ्या असलेल्या गाड्यांत किती तापतं, ते २०१८ साली ॲरिझोनातल्या संशोधकांनी मोजलं. स्टिअरिंग सरासरी ५३ अंश सेल्सिअस. डॅशबोर्ड ६९ अंश! बाहेरची हवा चाळिशीच्या आसपास. ॲरिझोना म्हणजे वाळवंटच, पण आमचा अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५-४६ ला सहज टेकतो, त्यामुळे आम्हाला त्या वाळवंटाचं फार कौतुक नाही.

डॅशबोर्डवरून आठवलं. मोटारीत पुढच्या सीटसमोर एक छोटा खण असतो. त्यात बाबा गाडीची कागदपत्रं, जुनी बिलं, चिल्लर आणि एखादं वितळलेलं चॉकलेट ठेवतात. त्याचं नाव काय? ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे हातमोज्यांची पेटी! त्यात हातमोजे ठेवताना तुम्ही कुणाला पाहिलंय? पण एके काळी खरंच ठेवत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोटारींना ना छप्पर, ना काचा. समोरून थंड वारा, धूळ आणि इंजिनाचं तेल थेट हातावर. स्टिअरिंगची कड लाकडाची, घामानं गुळगुळीत होणारी. म्हणून चामड्याचे हातमोजे हवेतच. इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाची धाडसी बाई मोटारशर्यती जिंकायची. तिनं १९०९ साली बायकांसाठी मोटार चालवण्याचं पुस्तक लिहिलं. त्यात सीटखालच्या छोट्या खणात जादा हातमोजे ठेवा, छोटा आरसाही ठेवा आणि मागून कुणी येतंय का ते त्या आरशात बघा, असा सल्ला दिला. मागचं दाखवणारा आरसा तेव्हा गाडीला लावलेलाच नसायचा! म्हणजे माझ्या भाचीची डिक्की ही त्या बाईच्या खणाची पणतीच म्हणायची.

आता थोडा वेळ रस्त्याकडे बघू, कारण आमचा रस्ताही काही साधासुधा नाही. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत, कुठेही न थांबता टाकली आणि गिनेस बुकात नाव गेलं. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २५ किलोमीटरच्या आसपास. रात्रंदिवस काम, पाळ्या बदलत. रस्त्यावर ओततात ते डांबर-गिट्टीचं मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. पाणी उकळतं शंभरला, म्हणजे विचार करा. तो रस्ता आता थंड झालाय असं समजू नका. भर उन्हाळ्यात दुपारी काळं डांबर साठ अंशांच्या वर जातं. गाडीवरून पडलात तर खाली कानशीसारखी खरखरीत आणि तव्यासारखी तापलेली जमीन वाट बघत असते.

"मंग शर्यतवाल्यायसारखे जाड मोजे घालाव ना ताईनं," धाकटा म्हणाला. आंबा संपून आता कोय चालू होती.

मी त्याला आतून लोकरीचे पायमोजे आणायला सांगितले. उन्हाळ्यात! आजीला वाटलं पोराला ऊन लागलं. मी ते पायमोजे त्याच्या हातांत घातले, खिशात एक रुपयाचं आणि दोन रुपयाचं नाणं टाकलं आणि म्हटलं, "न बघता एक रुपया काढ." त्यानं खिसा उलटा-पालटा केला, दातओठ खाल्ले आणि शेवटी खिशातून रुमाल काढला. तुम्हीही करून बघा. नुसत्या हातानं हे काम दोन सेकंदांचं. आपल्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श ओळखणारी सुमारे १७ हजार टोकं असतात, त्यातली सगळ्यात दाट वस्ती बोटांच्या टोकांवर. बोटं म्हणजे जवळजवळ डोळेच. जाड मोजा घातला की त्या डोळ्यांवर पट्टी.

आणि मोजे शिवणाऱ्याची सगळी कसरत इथेच आहे. हात झाकायचा, पण बोटांना आंधळं करायचं नाही.

शर्यतीच्या ट्रॅकवर तर ही कसरत जिवावरची. फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरच्या स्टिअरिंगवर वीसहून जास्त बटणं आणि चकत्या असतात आणि तीनशेच्या वेगात ती न बघता फिरवायची असतात. म्हणून त्याचा मोजा पातळ. शिवण आतून टोचू नये म्हणून कित्येकदा बाहेरच्या अंगाला घेतलेली. तळव्यावर मऊ चामडं, नाहीतर रबरी ठिपके. २०१८ पासून त्यात जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं एक यंत्रही शिवलेलं असतं. ते नाडीचे ठोके आणि रक्तातला प्राणवायू मोजून डॉक्टरांना कळवतं. करोनात बोटाला चिमटा लावायचे, आठवतं? त्याचाच हा शर्यतीतला भाऊ.

पण या मोज्याचा मोठा शत्रू ऊन नाही, आग. इथे आमचा कापूस हरतो, तो पेटतो. नायलॉन तर आणखी वाईट, ते वितळून कातडीला चिकटतं. म्हणून नोमेक्स नावाचा धागा वापरतात. नात्यानं तो नायलॉनचा चुलतभाऊ, १९६० च्या दशकात बाजारात आलेला. ज्वाळेत तो वितळत नाही. उलट फुगतो, कोळशासारखा काळा होतो आणि आग आणि कातडी यांच्यामध्ये एक थर बनून राहतो. कायमचा नाही, काही सेकंद. तेवढ्यात पळायचं.

२९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनच्या शर्यतीत हे सगळ्या जगानं पाहिलं. पहिल्याच फेरीत रोमेन ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी लोखंडी कठड्यावर आदळली, मधून तुटून दोन तुकडे झाली आणि आगीचा लोळ उठला. टीव्हीसमोर बसलेल्यांनी आशा सोडली होती. तो सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद त्या आगीत होता आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. अंगातला नोमेक्सचा जाड पोशाख, हेल्मेट, डोक्यावरची पोलादासारखी चौकट, सगळ्यांनी काम केलं. भाजलं काय? हात. दोन्ही हातांच्या पाठी. मोजे इतर पोशाखापेक्षा पातळ होते, कारण बोटांना दिसायला हवं होतं ना! या अपघातानंतर मोजे अजून किती वेळ आग सोसू शकतील, याचा नव्यानं विचार सुरू झाला.

मोटारसायकलच्या शर्यतीतला मोजा आणखी निराळा, कारण तिथे भीती पडण्याची. पडताना माणूस काय करतो? आपोआप तळहात पुढे करतो. मनगटाच्या मुळाशी होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. ते असल्या वेळी मोडतं आणि जुळायला महिने घेतं, कारण त्याला रक्त पोचवणाऱ्या वाटा फार थोड्या. आता मला सांगा, तिथे मोजा खरखरीत, जमिनीला चिकटणारा हवा की गुळगुळीत? गुळगुळीत! हात अडकला की सगळं वजन मनगटावर; हात घसरला की माणूस घसरत जाऊन थांबतो. म्हणून त्या मोज्याला बोटांकडे पकड देणारं चामडं आणि तळव्याच्या मुळाशी घसरणारी कडक चकती. एकाच मोज्यात दोन उलट स्वभाव. शिवाय करंगळी शेजारच्या बोटाला जोडून शिवलेली असते, पडताना ती एकटी सापडून मागे वाकू नये म्हणून. आणि चामडं पुष्कळदा कांगारूचं, कारण ते पातळ असूनही चिवट. पुन्हा तेच, पातळ हवं!

सांध्यांवरची भोकं तुम्ही चित्रात पाहिली असतील. ती नुसती ऐट नाही. हात सपाट ठेवून मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत वरच्या बाजूनं दोरा लावून मोजा. मग मूठ वळून पुन्हा मोजा. मुठीत हाताची पाठ लांब होते! कातडी ताणली जाते, चामडं तेवढं ताणलं जात नाही. म्हणून नेमकी तिथे जागा सोडलेली.

मग भाचीनं तसले मोजे घालावेत का? मला विचाराल तर मे महिन्यात दुपारी तिच्या शहरातल्या फेरीला नकोच, हात उकडून निघेल. पण अकोल्याहून अमरावतीला महामार्गानं मोटारसायकल नेणाऱ्या दादानं पाठीला जाळी आणि तळव्याला चामडं असलेले मोजे घालायला काहीच हरकत नाही. कायदा हेल्मेट मागतो, मोजे मागत नाही. डांबर मात्र दोन्ही मागतं.

आमच्याकडे ट्रॅक नाहीत असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. शंकरपट आहे की, बैलगाड्यांची शर्यत! तळेगाव दशासरचा पट अमरावती जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? मधली काही वर्षं बंदी होती, आता नियम पाळून पट पुन्हा भरतात. लांब सरळ धावपट्टी, तिला दाण म्हणतात. हलकी गाडी, दोन बैल आणि वर एकटा धुरकरी. सेकंदाच्या तुकड्यांवर निकाल. मी एकदा एका धुरकऱ्याचा हात मुद्दाम बघितला. मोजा नव्हता, पण तळव्यावर घट्टे असे, की खिळा टेकवला तरी कळू नये. "मोजे घालत नाही का?" असं विचारल्यावर तो हसला. म्हणाला, "कासऱ्यातून बैल बोलते ना. मोजा घातला तं आयकू कसं येईन?" घट्टा म्हणजे अंगानं स्वतःच शिवलेला मोजा. फक्त जिथे घासतं तिथेच, बाकी हात मोकळा.

आणि अमरावतीत त्याहून उलटा प्रकार. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४. इथलं पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं. इथल्या मल्लखांबाच्या लाकडाला पकड यावी म्हणून काही लावत असतील असं वाटतं ना? लावतात एरंडेल तेल! लाकडावर अंग घासून सोलवटू नये म्हणून. पकड येते ती मांड्यांच्या आणि हातांच्या जोरातून.

भाचीचा फॉर्म त्या दिवशी भरून झाला. पण आठवड्यानं तिचा फोन आला. मोजे घालून मोबाइल चालत नाही, अशी तक्रार. खरंच आहे, मोबाइलच्या काचेला बोटातली वीज ओळखीची, सूत मध्ये आलं की ओळख तुटते. मग तिनं कात्री घेतली आणि उजव्या मोज्याची दोन बोटं टोकाशी कापून टाकली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. आता मोबाइल चालतो, चिल्लर सापडते, किल्ली लागते. तिनं हाताचा फोटोही पाठवला. सगळा हात गोरा आणि दोन बोटांची टोकं तेवढी काळी, शाई लागल्यासारखी.

फोटोखाली धाकट्याचा आवाज रेकॉर्ड केलेला होता. "मामा, ताईनं आज पुन्हा ब्रेक धरला. तेच दोन बोटं पोयले!"